झाडूच्या दांड्यासाठी ठेवलेलं भोक

आर्को नावाचा एक उभा दिवा आहे. मिलान शहरात आकिल्ले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या भावांनी तो १९६२ साली घडवला, फ्लोस कंपनीने बाजारात आणला आणि साठ वर्षं उलटून गेल्यावरही तो बनतोच आहे. खाली कर्रारा इथल्या पांढऱ्या संगमरवराचा जाड ठोकळा, त्यातून निघून खोलीच्या मध्याकडे झेपावलेली पोलादी कमान आणि कमानीच्या टोकाशी अॅल्युमिनियमचा चकचकीत घुमट. मासिकांत, सिनेमांत, श्रीमंत घरांच्या छायाचित्रांत हा दिवा इतक्यांदा दिसतो, की तो शोभेसाठीच जन्मला असावा असं वाटतं. त्या ठोकळ्यात मात्र आरपार गेलेलं एक गोल भोक आहे. ते कशासाठी, हे बघणाऱ्याला सहसा सुचत नाही. ठोकळ्याचं वजन आहे पासष्ट किलोच्या घरात. दिवा हलवायचा असेल तर भोकातून झाडूचा दांडा घालायचा, दोघांनी दोन बाजूंनी धरायचा आणि ठोकळा उचलायचा.

हे भोक मला फार मोलाचं वाटतं. दिवा विकला गेल्यानंतर, घरात रुळल्यानंतर, कधीतरी कोणाला तरी तो खिडकीजवळ न्यावासा वाटेल आणि त्या वेळी घरात हमखास सापडणारी एकच लांब, मजबूत वस्तू म्हणजे झाडू, हे कोणीतरी कागदावर रेघा ओढतानाच मनात आणलं होतं. वस्तूंच्या घडणीतला खेळकरपणा म्हटलं की भडक रंग, प्राण्यांचे आकार, डोळे लावलेल्या बरण्या असलं काही डोळ्यांपुढे येतं. कास्तिल्योनींचा खेळ याहून खोल आहे. माणसं वस्तूंशी प्रत्यक्षात कशी वागतात ते ते एखाद्या पोराच्या कुतूहलाने बघत, आणि जे दिसलं ते वस्तूत उतरवत.

आर्कोचंच बघा. जेवणाच्या टेबलावर उजेड हवा तर छतातून दिवा टांगावा लागतो. एकदा का छताला आकडा बसला की टेबलाची जागाही कायमची ठरून गेली. टेबल सरकवलं की उजेड भलत्याच जागी पडणार. छताला हात न लावता टेबलाच्या बरोबर मध्यावर उजेड कसा आणायचा? उत्तर रस्त्यावर उभं होतं. रस्त्याचा दिवा कडेला रोवलेला असतो आणि उजेड मात्र रस्त्याच्या मधोमध टाकतो. भावांनी तोच घरात आणला. पण टेबलाभोवती खुर्च्या असतात, खुर्च्यांवर माणसं असतात आणि त्यांच्या पाठीमागून कोणीतरी ताटं घेऊन ये-जा करत असतं. म्हणून कमान सुमारे दोन मीटर पुढे जायला हवी, म्हणजे दिव्याचा पाया आणि खुर्ची यांच्यामधून माणूस सहज निघेल. इतकी लांब कमान तोल जाऊन पडू नये म्हणून पायाला भरपूर वजन हवं. कमी जागेत जास्त वजन मावावं, ते दिसायला नीटस असावं आणि परवडावंही, म्हणून संगमरवर. ठोकळ्याचे कोपरे तासले, कारण येता-जाता गुडघा आपटतो. कमान तीन तुकड्यांची केली. पन्हळीसारखे हे तुकडे एकातून एक सरकतात, त्यामुळे लांबी कमी-जास्त करता येते आणि वायर त्या पन्हळीतच लपते. घुमटाच्या माथ्याला छिद्रं ठेवली, कारण बल्ब तापतो आणि उष्णतेला वाट हवी. छायाचित्रात डौलदार दिसणारी प्रत्येक रेघ अशी कुठल्या ना कुठल्या अडचणीतून आलेली आहे.

कास्तिल्योनी भाऊ तीन. लिव्हिओ १९११चा, पिएर जाकोमो १९१३चा आणि धाकटा आकिल्ले १९१८चा. वडील जान्नीनो शिल्पकार होते. मिलानच्या भव्य कॅथीड्रलच्या एका ब्राँझच्या दरवाज्यावर त्यांचं काम आहे. तिघंही वास्तुकला शिकले. लिव्हिओ १९५२ साली वेगळा झाला. मधला आणि धाकटा मात्र एकत्र राहिले ते पिएर जाकोमोच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९६८ पर्यंत. त्या काळातल्या कामात कुठली कल्पना कोणाची, हे सांगता येत नाही. सगळं दोघांचं मिळून. आकिल्ले पुढे २००२ पर्यंत जगला आणि अखेरपर्यंत काम करत राहिला. स्फोर्झा किल्ल्यासमोरच्या चौकातल्या त्यांच्या स्टुडिओचं पुढे संग्रहालय झालं. तिथल्या कपाटांत आकिल्लेने आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तू आहेत. कात्र्या, चष्मे, हातोड्या, पत्र्याची खेळणी, बाजारात किरकोळ किमतीला मिळणाऱ्या कितीतरी गोष्टी. त्यांतल्या बहुतेकींच्या कर्त्याचं नाव कोणालाच माहीत नाही, आणि म्हणूनच त्या त्याला प्रिय होत्या. पिढ्यान्‌पिढ्या वापरून, चुका काढून, जास्तीचं गाळून उरलेल्या वस्तू. तो १९६९ पासून आधी तोरिनोला आणि मग मिलानला शिकवत असे. वर्गात जाताना अशा वस्तू बरोबर न्यायचा, एकेक बाहेर काढायचा आणि ती कशी चालते ते स्वतः करून दाखवायचा. गाय दोहताना बसायचं लाकडी स्टूल काढलं तर त्यावर बसून दाखवायचा. ज्याच्या अंगी कुतूहल नाही त्याने या धंद्यात येऊच नये, हे तो विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा बजावत असे.

आपल्याकडची विळी त्या कपाटात शोभली असती. पाटावर पाय दाबून बसलं की बसणाऱ्याचं वजन हाच शिकंजा होतो, दोन्ही हात मोकळे राहतात, आणि टोकाच्या दातेरी चकतीवर नारळही खवता येतो. कोणी केली, कधी केली, याची नोंद कुठेच नाही.

वस्तूंकडे असं बघण्याची सवय असली की एका कामाची वस्तू दुसऱ्या कामाला लावायची बुद्धी होते. १९५७ साली कोमो सरोवराकाठच्या व्हिला ओल्मो या वाड्यात घरगुती वस्तूंचं एक प्रदर्शन भरलं होतं. तिथे दोघा भावांनी दोन विचित्र स्टुलं ठेवली.

पहिलं मेझाद्रो. ट्रॅक्टरवर चालक बसतो ती पत्र्याची, भोकं पाडलेली खोलगट सीट. ती एका वाकवलेल्या पोलादी पट्टीवर बसवलेली. पट्टीच्या खालच्या टोकाला लाकडाचा आडवा दांडा, आणि सीट आवळायला पंखांचा नट, सायकलचं चाक बसवायला वापरतात तसला. सगळे मिळून चार भाग, दिवाणखान्यात न शोभणारे. पण बसून पाहणाऱ्याला कळतं की ट्रॅक्टरच्या सीटइतका बसण्याचा विचार फार थोड्या खुर्च्यांमध्ये झालेला आहे. शेतकरी तिच्यावर सबंध दिवस काढतो. तिचा आकार माणसाच्या बुडाचा साचा घेतल्यासारखा असतो, भोकांमुळे घाम साचत नाही, पावसाचं पाणी निथळतं. खालची पोलादी पट्टी ढेकळांचे धक्के खाते. तीच पट्टी घरात आणली की बसल्यावर सीट किंचित झुलते. लाकडी दांडा नसता तर हे सगळं आडवं झालं असतं. तो जमिनीवर टेकतो आणि तोल सांभाळतो. ट्रॅक्टरच्या सीटमधलं काहीही त्यांनी सुशोभित केलं नाही. ती जशी होती तशी ठेवली, वर रंग चढवला, इतकंच.

दुसरं सेल्ला. शर्यतीच्या सायकलची काळी कातडी सीट, खाली गुलाबी रंगाचा खांब आणि खांबाच्या तळाशी बिडाचा जड अर्धगोल. हे स्टूल उभं राहतं पण स्थिर राहत नाही. बसणाऱ्याने पाय जमिनीवर ठेवून तोल सांभाळायचा. हे कशासाठी? आकिल्लेचं उत्तर साधं होतं. टेलिफोनवर बोलताना माणसाला येरझारा घालायच्या असतात आणि त्याच वेळी टेकायचंही असतं. पुरतं बसायचं मात्र नसतं. त्या काळी फोन भिंतीला जखडलेला होता, वायर आखूड होती. बसणं आणि उभं राहणं यांच्या मधल्या अवस्थेसाठी जगात आसनच नव्हतं. सायकलस्वार नेमका त्या अवस्थेत असतो. त्याचं निम्मं वजन सीटवर, निम्मं पायांवर. सीट तिथून घेतली. आणि गुलाबी रंग? इटलीच्या महाशर्यतीत आघाडीवर असलेला सायकलपटू गुलाबी सदरा घालतो. तो रंग इटालियन माणसाला सायकलीची आठवण करून दिल्यावाचून राहत नाही.

१९१३ साली मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलावंताने स्वयंपाकघरातल्या एका स्टुलावर सायकलचं चाक उलटं उभं केलं होतं. कलेच्या इतिहासात त्या कृतीला मोठं स्थान आहे. तयार वस्तू उचलून तिला कलाकृती म्हणून मांडण्याची वाट तिथून पडली. कास्तिल्योनींना ती अर्थातच ठाऊक होती. मला या दोन स्टुलांतला फरक महत्त्वाचा वाटतो. द्युशाँने सायकलचा भाग बसवला आणि बसायचं स्टूल बसण्यालायक ठेवलं नाही. कास्तिल्योनींनी सायकलचाच भाग घेतला आणि एक नवं बसणं निर्माण केलं. धक्का दोघांनीही दिला. पण एकाचा धक्का विचाराशी थांबतो, दुसऱ्याचा देहाला कामी येतो.

ही दोन्ही स्टुलं बाजारात यायला बराच काळ गेला. झानोत्ता कंपनीने मेझाद्रो १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला काढलं आणि सेल्ला १९८३ साली. प्रदर्शनात लोक हसतात, कौतुक करतात, पण ट्रॅक्टरची सीट विकत घेऊन घरी नेण्याइतकी नजर तयार व्हायला एक पिढी लागते.

हे सगळं मिलानमध्येच का घडलं, हा प्रश्न पडण्यासारखा आहे. महायुद्धात शहरावर बाँब पडले होते, हजारो घरं नव्याने उभी राहत होती आणि त्यांत ठेवायला वस्तू हव्या होत्या. नव्या वास्तुविशारदांच्या वाट्याला मात्र त्या बांधकामांतलं फारसं काही येत नव्हतं, म्हणून ते दिवे आणि खुर्च्यांकडे वळले. शहराभोवती, विशेषतः ब्रिआन्झा भागात, सुतार, लोहार, पत्राकाम करणारे आणि साचे ओतणारे यांचे छोटे कारखाने खच्चून भरलेले. सकाळी काढलेल्या चित्राचा नमुना काही दिवसांत हातात मिळायचा. कारखानदारही बहुधा स्वतः कारागीर असायचा. वेडगळ वाटणारी कल्पना घेऊन गेलेल्या माणसाला तो दारातून परत पाठवत नसे, कारण करून बघायला फारसा खर्च येत नव्हता. ला रिनाशेन्ते या डिपार्टमेंट स्टोअरने १९५४ मध्ये उत्तम घडणीच्या वस्तूंसाठी ‘सोनेरी कंपास’ हा पुरस्कार सुरू केला. पहिल्याच वर्षी तो एका माकडाला मिळाला.

ते माकड डिझायनर ब्रूनो मुनारी यांचं, नाव झिझी. फोम रबरचं अंग आणि आत वाकणारी तार. फोम रबर तेव्हा नवीन होतं, गाद्या आणि गाड्यांच्या आसनांसाठी वापरलं जायचं. मुनारींनी ते दाबून पाहिलं आणि त्यांना त्यात मांस जाणवलं. तारेमुळे माकडाचे हातपाय हवे तसे वळतात आणि तसेच राहतात. खुर्चीच्या पाठीला ते लटकतं, मुलाच्या मानेला मिठी मारतं, पलंगाच्या दांडीवर बसतं. चावी नाही, बॅटरी नाही. खेळ मुलाने करायचा, खेळणं फक्त हो म्हणतं.

मुनारींचा फॉकलंड दिवा याच जातीचा. १९६४चा. स्त्रियांचे लांब मोजे विणणाऱ्या कारखान्यात ते गेले आणि दिवा करायचा आहे म्हणाले. आम्ही मोजे विणतो, दिवे नाही, असं कारखान्याने सांगितल्याचं ते पुढे आवडीने सांगत. त्यांना हवी होती ती तीच ताणणारी, नळीसारखी विणलेली जाळी. त्या नळीत त्यांनी निरनिराळ्या व्यासाची धातूची कडी घातली आणि वरून टांगलं. कड्यांच्या वजनाने जाळी खाली ओढली जाते, कड्यापाशी फुगते, दोन कड्यांच्या मध्ये आत जाते आणि बांबूच्या पेरांसारखा दीड मीटरहून लांब दिवा आपोआप तयार होतो. आकार गुरुत्वाकर्षणाने दिला, मुनारींनी नाही. खाली काढला की सगळं चपटं होऊन एका छोट्या खोक्यात मावतं. एवढ्या मोठ्या दिव्याच्या वाहतुकीचा खर्च त्यामुळे जवळजवळ नाहीसा झाला. सौंदर्य, स्वस्ताई आणि सोय या तीन गोष्टी एका युक्तीतून साधलेल्या असं उदाहरण मला दुसरं पटकन आठवत नाही.

कास्तिल्योनींचा तोइओ दिवाही १९६२चाच. वर मोटारीचा पुढचा दिवा, खाली त्याला लागणारा ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मर जड असतो, एरवी तो कुठेतरी लपवून ठेवतात. इथे तो पायाशी उघडा ठेवला आहे आणि त्याच्याच वजनाने दिवा उभा राहतो. वायर खांबाला धरून राहावी म्हणून मासे पकडायच्या गळाच्या काठीवर असतात तसल्या कड्या. ज्याने मासेमारीची काठी नीट पाहिली नाही त्याला हे सुचलंच नसतं.

मोठ्या वस्तूंपेक्षा छोट्या वस्तूंत कास्तिल्योनींची नजर जास्त उघड होते, असं मला वाटतं. १९६२ साली क्राफ्ट या खाद्यपदार्थांच्या कंपनीला मेयोनीजच्या बरणीबरोबर भेट द्यायला चमचा हवा होता. बरणी संपत आली की तळाशी आणि कडेला चिकटलेला माल साध्या चमच्याने निघत नाही. गोल चमचा सरळ भिंतीला एका ठिपक्यापुरताच टेकतो. भावांनी प्लास्टिकचा असा चमचा केला, की त्याची एक कड बरणीच्या भिंतीला सपाट चिकटते आणि पुढचा बाक तळाच्या कोपऱ्यात शिरतो. फुकट वाटायच्या चमच्याला त्यांनी दिवाणखान्यातल्या दिव्याइतकाच विचार दिला. तो चमचा आलेस्सी कंपनीने १९९६ मध्ये पुन्हा काढला. या वेळी तो लोकांनी पैसे देऊन घेतला.

आकिल्ले सिगारेट ओढायचा. कामाच्या नादात राखदाणीच्या काठावर ठेवलेली सिगारेट जळत जळत आखूड होते, तोल बदलतो आणि ती टेबलावर पडते. १९७१ मध्ये त्याने गोल वाटीच्या काठाला आतून एक लांब स्प्रिंग बसवली. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये सिगारेट कुठेही खोचा, ती पडत नाही. धुवायच्या वेळी स्प्रिंग ओढून काढायची, वाटी विसळायची. राखदाण्या आता घरांतून गेल्या आणि गेल्या ते बरंच झालं, पण त्या स्प्रिंगमागची नजर अजून शिकण्यासारखी आहे. कुमानो हे त्याचं घडीचं गोल टेबल १९७०च्या दशकाच्या शेवटी आलं. फ्रेंच कॅफेंत दिसतं तसलं लोखंडी, तीन पायांचं. त्याच्या वरच्या पत्र्याला कडेशी एक भोक आहे. घडी केली की टेबल त्या भोकातून खिळ्याला अडकवता येतं. लहान घरातलं टेबल दिवसाचा बराच वेळ रिकामंच असतं आणि त्या वेळात ते जमीन अडवून बसू नये, एवढंच त्याचं म्हणणं.

आणि मग दोघा भावांनी ब्रिओनवेगा कंपनीसाठी केलेला रेडिओ. १९६५चा हा रेडिओग्राम चाकांवर उभा आहे. मधल्या खोक्यात रेडिओ आणि तबकडी वाजवायचं यंत्र, दोन बाजूंना दोन चौकोनी स्पीकर. स्पीकर कडेला अडकवले की ते हात पसरल्यासारखे दिसतात, वर ठेवले की सगळा एक ठोकळा होतो. समोरच्या बटणांची मांडणी अशी, की बघणाऱ्याला चेहरा दिसावा. दोन डोळे, खाली तोंड. आवाजाचं यंत्र एका जागी गप्प बसणारं फर्निचर का असावं? ते माणसामागून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत यावं, पाळलेल्या प्राण्यासारखं. गायक डेव्हिड बोवी यांच्याकडे हा रेडिओग्राम होता. त्यांच्या निधनानंतर २०१६ साली लंडनमधल्या लिलावात त्याला २ लाख ५७ हजार पौंड मिळाले.

चेहरा दाखवणाऱ्या वस्तूंचा पूर आला तो पुढे, १९८० नंतर. त्यात ओर्ता सरोवराजवळच्या ओमेन्या गावची आलेस्सी कंपनी आघाडीवर होती. १९२१ साली सुरू झालेला हा धातूच्या भांड्यांचा कारखाना. तिसऱ्या पिढीतल्या आल्बेर्तो आलेस्सींनी जगभरच्या वास्तुविशारदांना स्वयंपाकघराच्या वस्तू करायला बोलावलं. १९८३ साली रिखार्ड झापर या जर्मन डिझायनरने पाणी उकळायची किटली केली. बहुतेक किटल्यांच्या शिट्टीने कान किटतात. झापरने दोन पितळी नळ्या बसवल्या, वेगवेगळ्या स्वरांच्या. पाणी उकळलं की दोन स्वर एकदम वाजतात आणि आगगाडीच्या किंवा बोटीच्या भोंग्याची आठवण होते. १९८५ मध्ये मायकल ग्रेव्हज या अमेरिकन वास्तुविशारदाची किटली आली. तिच्या तोटीवर छोटा पक्षी आहे आणि शीळ तोच घालतो. धरायची मूठ निळी, कारण ती थंड असते. लाखो घरांत ही किटली पोचली. दोन्हींत खेळ आहे आणि दोन्हींत तो कामाला लागून आहे. वाफेला शिट्टी वाजवायचीच होती. ती ऐकावीशी का असू नये, असा विचार दोघांनी केला.

डिझायनर फिलिप स्टार्क यांच्या लिंबू पिळायच्या यंत्राबद्दल मला तसं म्हणता येत नाही. १९९० सालचं ते जूसी सालिफ. तीन लांब पायांवर उभा अॅल्युमिनियमचा थेंब, उंची फूटभराच्या आसपास. इटलीत सुट्टीवर असताना स्टार्क यांनी एका कागदी रुमालावर त्याची चित्रं काढली, असं आल्बेर्तो आलेस्सींनी सांगितलं आहे. वस्तू अतिशय देखणी आहे. एकदा पाहिल्यावर विसरत नाही. पण रसाबरोबर बियाही पेल्यात पडतात. दहा वर्षांनी सोन्याचा मुलामा दिलेली आवृत्ती निघाली. तिच्यासोबत सूचना होती की हिने लिंबू पिळू नये, आम्लाने मुलामा खराब होईल. जूसी सालिफचे चाहते म्हणतात की ही वस्तू लिंबू पिळण्यासाठी नाहीच, ती घरी आलेल्या पाहुण्यांशी बोलणं सुरू करण्यासाठी आहे. बोलणं सुरू होतं हे खरं आहे. माझी हरकत अशी, की ते बोलणं वस्तू पाहून होतं, वापरून नाही. सेल्लावर बसलेला माणूस पन्नासाव्या वेळीही जरासा डुलतो आणि त्याच्या पायांना काम मिळतं. जूसी सालिफचा सगळा खेळ पहिल्या नजरेतच खर्ची पडतो. मुनारींनी ‘निरुपयोगी यंत्रं’ केली, १९४५ साली तर पाहुणा घसरून लवकर उठावा म्हणून उतरत्या बैठकीची खुर्ची केली. पण त्यांनी ती यंत्रं निरुपयोगी म्हणूनच मांडली आणि ती खुर्ची अगदी थोड्या वेळाच्या भेटीसाठी आहे हे तिच्या नावातच सांगितलं. त्या प्रामाणिकपणामुळे त्यांच्याशी भांडण होत नाही.

वापरातला खेळ पुढच्या पिढीत कुठे गेला हे पाहायचं तर जपानकडे वळावं लागतं. नाओतो फुकासावा यांनी १९९९ साली घडवलेला सीडी प्लेयर पुढे मुजी या दुकानांनी विकायला आणला. तो भिंतीला अडकवतात आणि तो दिसतो स्वयंपाकघरातल्या हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्यासारखा. सीडी उघडीच असते, पात्यांच्या जागी. खाली दोरी लोंबते. दोरी ओढली की सीडी हळूच फिरायला लागते, वेग घेते आणि गाणं येतं. पुढ्यात उभ्या असलेल्या माणसाची त्वचा क्षणभर वाऱ्याची वाट पाहते, कारण आयुष्यभर दोरी ओढल्यावर वारा आलेला आहे. मग वाऱ्याच्या जागी सूर येतात आणि ऐकणं आपोआप सावध होतं. एकही सूचना वाचायला लागत नाही. माणसाच्या हाताला आधीपासून जे येतं त्यावर फुकासावांनी विसंबून राहायचं ठरवलं. आकिल्लेला हा प्लेयर नक्की आवडला असता.

न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९९७ साली आकिल्लेच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं. तोवर तो ऐंशीच्या उंबरठ्यावर आला होता. आर्को दिव्याच्या वाट्याला तर कोर्टही आलं. चीनमधून आणलेला फ्लुइडा नावाचा त्याच्यासारखाच दिवा इटलीत विकला जाऊ लागला, तेव्हा फ्लोसने विकणाऱ्या कंपनीवर दावा लावला. दिवा ही वापरायची वस्तू. तिला पुस्तकासारखा, चित्रासारखा कॉपीराइट मिळतो का? प्रकरण युरोपियन युनियनच्या न्यायालयापर्यंत गेलं आणि कॉपीराइटच्या अटी पुऱ्या करणाऱ्या डिझाइनला ते संरक्षण नाकारता येणार नाही, असा निर्णय जानेवारी २०११ मध्ये आला. वापराच्या वस्तूमागे एक कर्ता असतो हे कायद्याने मान्य करणं मला योग्य वाटतं.

स्वतः आकिल्लेला अभिमान होता तो मात्र दुसऱ्याच एका वस्तूचा, आणि तिच्यावर कोणाचं नाव नाही. १९६८ साली त्याने पिएर जाकोमोबरोबर टेबलावरच्या दिव्याच्या वायरमध्ये बसणारं बटण केलं. खालून सपाट, म्हणजे ते टेबलावर किंवा जमिनीवर गडगडत नाही. वरून फुगीर आणि कडा गोल, म्हणजे अंधारात वायरवरून हात फिरवला की बोटांना लगेच सापडतं आणि टोचत नाही. दाबल्यावर खट्‌ असा स्पष्ट आवाज येतो. व्हीएलएम कंपनीने ते प्रचंड संख्येने बनवलं, आणि जगातल्या अनेक दिव्यांच्या वायरींवर ते आहे. विजेच्या सामानाच्या दुकानात लोक ते बटण म्हणून मागतात, बटण म्हणून विकत घेतात, कोणी केलं ते विचारत नाहीत, आणि यातच त्याला सगळ्यात जास्त समाधान होतं.